नववीतली मुलगी आणि गादीखालचा पेपर

फोंडा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

‘माझी मुलगी नववीत आहे. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत कायम पहिली. सगळे म्हणायचे, ही डॉक्टर होणार. पाचवीपासून इंग्रजी हायस्कूल. तिथून हळूहळू घसरली, आता साठ-पासष्ट टक्क्यांवर आहे. सकाळी पावणेसातची बस, दीडला शाळा सुटते. तीन ते पाच गणित-सायन्सची ट्यूशन, आठवड्यातून दोन दिवस गाणं, आणि यंदापासून शनिवार-रविवार ‘नीट’चा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, फाउंडेशन कोर्स. रात्री साडेअकराला झोपते, पावणेसहाला मी उठवते. गेल्या आठवड्यात तिची खोली आवरताना गादीखाली गणिताचा पेपर सापडला. पंचवीसपैकी सात. खाली माझी सही, मी न केलेली. मी खूप बोलले, हातही उचलला. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. नवरा कुंडईला औषधांच्या कंपनीत केमिस्ट आहे. तो म्हणतो, तू मागे लागतेस म्हणून हे झालं, सोड तिला. सासूबाई म्हणतात, पोरीला एवढं शिकवून काय करायचंय. मी स्वतः बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाले होते. वडिलांनी पणजीला कॉलेजला पाठवलं नाही. आज सरकारी कचेरीत फायली लावते. माझ्या मुलीचं तसं होऊ नये, एवढंच मला पाहिजे. गणपतीच्या चवथीला घरची सगळी मुलं आरतीला घुमट वाजवत होती, फुगड्या चालल्या होत्या, ही आतल्या खोलीत एमसीक्यूचं पुस्तक घेऊन बसलेली, कारण चवथ झाली की लगेच टेस्ट. त्याचंही वाईट वाटतं. पण मी ढकललं नाही तर कोण ढकलणार? किती ढकलायचं, ते सांगा.

ता. क. गाण्याची परीक्षा नोव्हेंबरात आहे आणि आता ती म्हणते गाणं सोडते. फाउंडेशनचा अर्धा हप्ता भरलाय, उरलेला दिवाळीनंतर भरायचा आहे. काय करू?’

ताई,

आधी त्या सहीबद्दल. हायस्कुलात गणित शिकवताना अशा सह्या मी पुष्कळ पाहिल्या. मुलं आईची सही इतकी मन लावून काढतात की ती खऱ्या सहीपेक्षा सुवाच्य होते, आणि तिथेच पकडली जाते. पण स्टाफरूममध्ये सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. ज्याला कशाचंच काही वाटत नाही ते मूल खोट्या सहीच्या भानगडीत पडत नाही. ते पेपर टेबलावर टाकतं, ‘सात पडले’ म्हणतं आणि खेळायला जातं. लपवतं ते, ज्याला घरच्यांच्या नजरेची फार पडलेली असते. म्हणजे तुमची मुलगी बेफिकीर झालेली नाही.

दुसरी बाजू मात्र तितकी बरी नाही. सही पकडली गेली तर वर्गात शोभा होईल, मुख्याध्यापकांपुढे उभं राहावं लागेल, हे नववीतल्या मुलीला पुरतं कळतं. हे सगळं तिने मनात धरलं, आणि सात मार्कांचा पेपर तुमच्यासमोर ठेवण्यापेक्षा तिला तो धोका परवडला.

किती ढकलायचं, याचं उत्तर तासांत किंवा टक्क्यांत देता येत नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांनासुद्धा ते वेगवेगळं लागतं. मी एकच बघते: वाईट बातमी घरी येते का? मार्क कमी पडले, सरांनी वर्गाबाहेर उभं केलं, धडा डोक्यावरून गेला, मैत्रिणीशी बिनसलं, हे मूल आपणहून सांगत असेल तर तुम्ही थोडं जास्त ढकललंत तरी बिघडत नाही. जास्त झालं की तेच सांगेल. बातमी यायची थांबली की मात्र जास्त झालं असं समजावं, मग तुम्ही दिवसाला अर्धाच तास अभ्यासाला बसवत असलात तरी. मी हे मायेपोटी म्हणत नाही, साधा व्यवहार म्हणून म्हणते. ट्यूशनची फी दर महिन्याला जाते आहे, पण नेमकं अडलंय कुठे, ते तुमच्या एवढ्या लांबलचक पत्रात कुठेच नाही. असणार तरी कसं? ते सांगू शकेल अशी एकच व्यक्ती घरात आहे आणि तिने सांगणं बंद केलंय. तुम्ही अंधारात ढकलताय.

हात उचललात त्यावर लांबण लावत नाही. पुन्हा उचलायचा नाही. आणि तिच्याजवळ जाऊन ‘हात उचलला ते माझं चुकलं’ एवढं म्हणायचं. त्याला ‘पण तूसुद्धा’ची शेपटी जोडायची नाही.

‘पाचवीपासून हळूहळू घसरली’ हे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. मी त्या वाक्यापाशीच थांबले. आपल्याकडे अशी किती मुलं असतात! गावच्या शाळेत चौथीपर्यंत मराठीत शिकायचं आणि पाचवीच्या पहिल्या दिवशी सगळे विषय एकदम इंग्रजीत. चौथीत बिनचूक भागाकार करणारी पोर पाचवीत डिव्हिजन म्हटल्यावर बावरते. शब्दांचं एवढं नसतं, ते दोन-तीन महिन्यांत पाठ होतात. खरी अडचण वाक्यांची असते. गणितातला एक नमुना देते, कारण तो मी वर्षानुवर्षं फळ्यावर पाहिला आहे. ‘एका संख्येपेक्षा पाचने कमी’ असं मराठीत म्हटलं की मूल आधी संख्या लिहितं, मग वजा पाच. बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम एकच. तेच इंग्रजी पुस्तकात ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ असं येतं. पाच आधी दिसले, म्हणून मूल लिहितं पाच वजा एक्स. उत्तर चुकतं. बाईंना वाटतं बीजगणित कच्चं, आईला वाटतं लक्ष नाही, मुलीला वाटतं आपण पूर्वी हुशार होतो, आता राहिलो नाही. बीजगणित तिला येत असतं. आठवी-नववीत शाब्दिक उदाहरणं वाढतात, ‘ॲट मोस्ट’, ‘एक्सीड्स’, ‘रिस्पेक्टिव्हली’ असे शब्द एकेका ओळीत दोन-दोन येतात, आणि मार्कांचा कडेलोट नेमका इथे होतो.

याचा अर्थ मराठी शाळेत घातलं ते चुकलं, असा कृपा करून काढू नका. चौथीपर्यंत जे तिला पक्कं कळलं ते आपल्या भाषेत शिकली म्हणूनच कळलं. पाचवीत पूल बांधून द्यायचा असतो, तो शाळाही देत नाही आणि घरीही कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. तोच सात मार्कांचा पेपर घ्या. नवऱ्याला बसवा तिच्याबरोबर, तुम्ही नको. प्रत्येक प्रश्न त्याने तिला मराठीत, लागलं तर कोकणीत, वाचून सांगायचा आणि ती काय करते ते गप्प बसून बघायचं. घड्याळ लावायचं नाही. सातचे बारा-पंधरा झाले तर अडचण भाषेची आहे. मग आणखी एक ट्यूशन लावून काही होणार नाही, रोज अर्धा तास कुणीतरी तिच्याबरोबर इंग्रजी उदाहरण मोठ्याने वाचून त्याचं मराठी करायला हवं. सातचे सातच राहिले तर सहावी-सातवीचं काही सुटलंय. बहुतेक वेळा अपूर्णांक, ऋण संख्या किंवा समीकरणं, या तिन्हींतलंच काहीतरी असतं. मग सातवीचं पुस्तक काढायचं. नववीतल्या मुलीला सातवीचं पुस्तक काढायची लाज वाटते, म्हणून ते आधी बापाने उघडावं. केमिस्ट माणूस आहे. गुणोत्तर-प्रमाण आणि टक्केवारी त्याच्या रोजच्या कामातली.

त्याच्याबद्दल थोडं बोलूनच घेते. ‘सोड तिला’ हे ऐकायला फार प्रेमळ वाटतं. पण मुलीची गणिताची वही शेवटची कधी उघडून पाहिली, असं त्याला विचारा. जो बाप वही बघत नाही आणि आई ओरडली की मुलीची बाजू घेतो, त्याला घरात चांगुलपणा फुकटात मिळतो. सगळा वाईटपणा तुमच्या वाट्याला येतो आणि मुलीला मात्र दोघांपैकी कुणाचाच उपयोग होत नाही. गणित त्याच्याकडे द्या. ‘सोड तिला’ म्हणायचा हक्क त्याने वहीसमोर बसून मिळवावा. (सासूबाईंना उत्तर द्यायची गरज नाही. त्यांना नातीचं गाणं ऐकायला बोलवा.)

आता ‘हुशार’ या पदवीकडे येते. चौथीपर्यंत पहिली, आणि सगळे म्हणायचे ही डॉक्टर होणार. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींनी १९९८ साली अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले होते. मुलांना सोपी कोडी दिली. काहींना सांगितलं, तू हुशार आहेस म्हणून जमलं. काहींना सांगितलं, तू मेहनत घेतलीस म्हणून जमलं. मग मुद्दाम कठीण कोडी दिली, सगळ्यांचीच दाणादाण उडाली. ‘हुशार’ म्हटलेली मुलं लवकर कंटाळली आणि पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. पण तुम्हाला हे सांगतेय ते पुढच्या भागासाठी. नंतर त्या मुलांना म्हटलं, दुसऱ्या शाळेतल्या एका मुलाला आपले मार्क लिहून कळवा. ‘हुशार’ म्हटलेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ चौघांनी मार्क वाढवून लिहिले. बाकीच्या मुलांत ते प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. कोण कुठला परका मुलगा, त्याच्याशी कधी गाठ पडायची नव्हती, तरी खोटं लिहिलं! या कल्पनेवरून पुढे शाळाशाळांतून जे कार्यक्रम निघाले त्यांचा परिणाम अगदी थोडाच दिसला, त्यामुळे ‘मेहनत घेतलीस हो’ असा जप सुरू करून काही साधणार नाही. पण हुशारीचा शिक्का बसलेल्या मुलाला कमी मार्क का लपवावेसे वाटतात, ते यातून कळतं. त्याच्या दृष्टीने सात मार्कांनी गणिताचा निकाल लागत नाही, त्याचा स्वतःचा लागतो.

एवढं सगळं सांगूनही, ढकलू नका असं मी म्हणणार नाही. ‘मुलांना फुलू द्या, ती आपोआप शिकतात’ असं लिहिणाऱ्यांची आजकाल कमी नाही. त्यांची मुलं बहुतेक पुस्तकांनी भरलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या घरात असतात, तिथे ढकलण्याचं काम घरच्या भिंतीच करतात. फायली लावणाऱ्या आईच्या मुलीला आपोआप काही मिळत नाही. कुर्डीच्या गायिका मोगूबाईंचं बघा. १९०४चा जन्म. मुलीने मोठी गायिका व्हावं हा ध्यास आईचा. दहा वर्षांच्या आसपासच्या मोगूला आईने नाटक मंडळीत घातलं आणि त्याच सुमारास आई वारलीसुद्धा. पुढे मोगूबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत तयार झाल्या, १९७४ साली पद्मभूषण मिळालं, आणि त्यांच्या तालमीतून त्यांची मुलगी, किशोरीताई आमोणकर, उभ्या राहिल्या. त्या आईने मुलीला ‘तुला आवडतंय का गे’ असं किती वेळा विचारलं असेल, मला शंका आहे.

पण लगेच दुसरं टोक बघा. साखवाळचे धर्मानंद कोसंबी, बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. शाळा अर्धवट सुटलेली, घरची नारळीची बाग बघत होते. बुद्धावरचा एक लेख वाचनात आला आणि त्या माणसाने १८९९ साली घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका असं शिकत शिकत शेवटी हार्वर्डला पोचले. त्यांना कुणी ढकललं नव्हतं, उलट घरच्यांनी धरूनच ठेवलं असतं. (मागे राहिलेल्या बायकोला आणि तान्ह्या मुलीला काय वाटलं असेल, तो वेगळा विषय.) या दोन माणसांवरून सिद्ध काहीच होत नाही. तरी आयांना मी दोन्ही नावं एकत्र सांगते, कारण प्रत्येक जण आपल्या सोयीचं एकच उचलतो. आणि नाटक मंडळीत घातलेल्या ज्या मुली मोगूबाई झाल्या नाहीत, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात बर्कलीला आईबापांच्या वागण्याचे प्रकार पाडले, ते आजही शिकवले जातात. एक, नुसता धाक. दुसरा, सगळं चालतं. तिसऱ्या प्रकारचे आईबाप अपेक्षा भरपूर ठेवतात, नियम पाळायला लावतात, पण नियमाचं कारण सांगतात आणि मुलाचं म्हणणं ऐकून घेतात. मुलं सर्वांत खंबीर निघाली ती साधारणपणे या तिसऱ्या घरांतली. तुमच्या घरात पहिला प्रकार तुम्ही चालवताय आणि दुसरा नवरा. तिसरा प्रकार हा या दोघांची सरासरी नव्हे; एक ओरडला आणि दुसऱ्याने चॉकलेट दिलं म्हणून तो होत नाही.

मग ढकलायचं कशासाठी? जे तिच्या हातात आहे त्यासाठी. रोज ठरलेल्या वेळी बसणं, न कळलेल्या ओळीखाली रेघ मारून दुसऱ्या दिवशी बाईंना विचारणं, चुकलेलं उदाहरण न बघता पुन्हा सोडवणं. यात अजिबात ढिलाई नको, इथे खुशाल कडक व्हा. मार्क मात्र तिच्या हातात पूर्ण नसतात, पेपर कसा निघतो ते कुणाच्याच हातात नसतं. ‘यावेळी ऐंशीच्या वर पाहिजेत’ हे वाक्य वर्षभरासाठी तोंडातून काढूच नका. त्याऐवजी दर शनिवारी विचारा, ‘या आठवड्यात काय कळलं नाही?’ आणि तिने सांगितलं की लगेच उपाय सुचवायचा नाही, ‘मग वर्गात लक्ष कुठे होतं?’ तर मुळीच नाही. ऐकायचं आणि चहा टाकायला उठायचं. पहिले काही शनिवार ती ‘सगळं कळलं’ म्हणेल. म्हणू दे.

दिवस तिचा तुम्ही कसा भरलाय, तो एकदा कागदावर लिहून काढा. साडेअकरा ते पावणेसहा म्हणजे सव्वासहा तास झोप. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास लागतात, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितलं, आणि आपल्याकडची मुलं काही वेगळ्या मातीची नाहीत. दिवसभर पाठ केलेलं डोक्यात मुरतं ते झोपेत. ट्यूशनला पैसे भरायचे आणि झोप कापायची, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. दहाला दिवा बंद, हा नियम उद्यापासून लागू करा. अभ्यास राहिला तर राहू दे. बस पावणेसातची आहे, सहाला उठली तरी पुरे.

आणि ही जागा फाउंडेशन कोर्स काढल्याशिवाय होणार नाही. नीटला १८० प्रश्न असतात, ७२० मार्कांचे, अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर. २०२४ साली देशात २३ लाखांहून जास्त मुलं बसली होती आणि एमबीबीएसच्या जागा साधारण लाखाच्या थोड्या वर. हे आकडे भीती घालायला देत नाही. या गर्दीत नववीतल्या, जिचं गणित आज सातवर आहे अशा मुलीला चार पर्यायांतून एक निवडायची सवय लावून काय हाती लागणार? तिला पूर्ण उदाहरण पायरीपायरीने मांडता आलं पाहिजे, सायन्सचं पान वाचून आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. ते जमलं तर दहावीनंतर दोन वर्षं पुष्कळ आहेत. ते जमलं नाही तर नीट सोडाच, अकरावीचं फिजिक्ससुद्धा अंगावर येईल. काही मुलांना ते फाउंडेशनचे वर्ग खरोखर आवडतात, कोड्यांसारखे वाटतात, त्यांनी जावं. चवथीला आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली मुलगी त्यांतली दिसत नाही.

तिला डॉक्टर व्हायचंय का, हे तुमच्या पत्रात मी दोनदा शोधलं. सापडलं नाही. आज तिला विचारूही नका. या मनःस्थितीत ती तुम्हाला हवं तेच उत्तर देईल. पण बांबोळीच्या मेडिकल कॉलेजच्या त्या एका दारापलीकडेही शिक्षण आहे, हे तुम्ही स्वतः तरी जाणून घ्या. फर्मागुढीचं इंजिनियरिंग कॉलेज तर तुमच्याच तालुक्यात. पणजीला फार्मसी, आल्तिनोला कला महाविद्यालय, जुने गोव्याला शेतकी. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन नुसतं बघून या, अर्जबिर्ज काही नाही.

आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. वडिलांनी तुम्हाला पणजीला पाठवलं नाही हा अन्याय झाला, आणि तो तुमच्यावर झाला, मुलीवर नाही. तिच्या मार्कांनी तो भरून निघणार नाही, नव्वद टक्के पडले तरीही. पण तुमचं शिक्षण संपलंय असं कुणी सांगितलं? इग्नू या मुक्त विद्यापीठाचं प्रादेशिक केंद्र गोव्यात आहे, नोकरी सांभाळून पदवी करता येते, बारावी पास एवढी अट तुम्ही केव्हाच पूर्ण केली आहे. मी हे समजुतीखातर सांगत नाही. जेवणाच्या टेबलावर आई आपली असाइनमेंट लिहिते आहे, तिलाही एखादं प्रकरण कळत नाही, तीही परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरते, हे पाहणाऱ्या मुलीशी अभ्यासाचं बोलणं फार सोपं जातं. आणि तुमचा निकाल लागला की तो तिला दाखवा, पहिल्या वर्षी जो लागेल तो.

गाणं. कुठलीही गोष्ट वाईट दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सोडायची नाही, हा माझा नियम आहे, आणि तो मुलांना पटतो असा अनुभव आहे. नोव्हेंबरची परीक्षा तिने द्यावी. तयारी झाली आहे, बाईंनी नाव घातलं आहे. परीक्षा झाली की महिनाभर क्लास बंद. त्यानंतर ती स्वतः म्हणाली जाते, तर पाठवा, नाही म्हणाली तर खरंच सोडू द्या, मनातही धरू नका. मात्र या महिनाभरात ती न्हाणीघरात गुणगुणते का, तेवढं कानावर असू द्या. माझा अंदाज आहे की तिला गाण्याचा कंटाळा आलेला नाही, आणखी एका परीक्षेचा आलाय. विशारदपर्यंतच्या पायऱ्या मोजत बसलं की गाणंसुद्धा शाळाच होते. आरतीला बसवा तिला पुढच्या चवथीला, पेटी द्या हातात.

पेपरचं आणि सहीचं शाळेत काय करायचं, हेही राहतं. झाकून ठेवू नका. तिला बरोबर घेऊन वर्गशिक्षिकेला भेटा, बोलू द्या तिलाच. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा. जी काय शिक्षा मिळेल ती तिने भोगावी. तेवढी किंमत योग्य आहे. पण घरी त्याच गुन्ह्याची दुसरी शिक्षा नाही. बाईंना भाषेच्या अडचणीबद्दल सांगा. शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांचीही गाठ घालून द्या, वेडीबिडी ठरवतात असला काही प्रकार तिथे नसतो.

‘ती रडली नाही, नुसती बघत राहिली’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एवढं सांगणं भाग आहे. टेस्टच्या दिवशी सकाळी पोटात दुखणं, जेवण तुटणं, रात्री जागं राहणं, मैत्रिणींना टाळणं, किंवा ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं काहीही, थट्टेतसुद्धा, कानावर आलं, तर अभ्यास, परीक्षा, कोर्स सगळं त्या क्षणी बाजूला. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. सगळ्या अभ्यासापायी नव्हेत, पण त्यांतल्या कितीतरी घरांत आदल्या दिवशी सगळं ठीकच वाटत असणार. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत-सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. आईनेही फोन केला तरी चालतो. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, तिथे सरळ जाता येतं. शेजारी काय म्हणतील याचा विचार शेजाऱ्यांना करू द्या.

राहिला फाउंडेशनचा हप्ता. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी ती आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, प्रवेश दहावीची परीक्षा झाल्यावरच द्यावा, आणि पूर्ण फी भरून कुणी मध्येच सोडलं तर उरलेल्या दिवसांच्या हिशेबाने पैसे दहा दिवसांत परत करावेत, असं त्यांत म्हटलंय. ही तत्त्वं राबवणं राज्यांवर सोपवलेलं आहे, त्यामुळे कायद्याचं कलम दाखवावं तसा त्यांचा उपयोग होईलच असं नाही. तरी लेखी अर्ज द्या, त्यात या तत्त्वांचा उल्लेख करा, फीच्या पावतीची प्रत जोडा आणि पोच घ्या. प्रवेशाच्या वेळी सही केलेला फॉर्म घरी असेल तर त्याच्या मागची बारीक अक्षरं आधी वाचा. पैसे परत मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर गेले. दिवाळीनंतरचा हप्ता भरू नका.